सभागृह उठल्यावर

क्लार्कने माझं नाव वाचलं, तेव्हा ते माझंच आहे हे मला कळलंच नाही. 'व्हायनाया रँगनेकर यांच्या दिलाशासाठी' असं काहीतरी तो एका सुरात म्हणाला आणि पान उलटलं. शेजारी बसलेल्या ज्युडिथने माझा गुडघा घट्ट दाबला.

"हेच तुमचं. आता श्वाससुद्धा घेऊ नका."

सप्टेंबरच्या सुरुवातीला वॉशिंग्टनला, प्रतिनिधिगृहाच्या वरच्या सज्जात आम्ही बसलो होतो. मला वाटलं होतं, एवढं मोठं अमेरिकेचं सभागृह, तिथे माणसं दाटीवाटीने बसलेली असतील, भाषणं होतील. खाली सगळ्या खुर्च्या मोकळ्या. मोजकी माणसं पेंगुळल्यासारखी इकडेतिकडे पसरलेली, एक जण तर चक्क वर्तमानपत्र वाचत होता.

"पुढच्या रांगेतले ते चष्मेवाले दिसतात? आणि त्यांच्या पलीकडचे टकलू?" ज्युडिथ कुजबुजली. "त्यांना पक्षांनी हरकत घ्यायलाच नेमलंय. दोघे उभे राहिले, की विधेयक परत समितीकडे."

"हरकत घ्यायला माणसं नेमतात?" माझ्या पलीकडून वहिनींनी, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, वाकून विचारलं.

"एका माणसासाठी कायदा करायचा म्हटलं, की कुणीतरी संशय घ्यायलाच हवा ना."

चष्मेवाल्याने चष्मा काढला. पुसला. मी त्याच्या कोपरांकडे बघत होते. माणूस उठणार असला की आधी त्याचे हात खुर्चीच्या हातांवर जातात. त्याचे गेले नाहीत. अध्यक्षांनी काहीतरी पुटपुटून हातोडा आपटला, क्लार्कने पुढचं नाव वाचलं, आणि ज्युडिथने मला मिठी मारली. झालं होतं. कुकरची एक शिट्टी व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

बाहेर व्हरांड्यात भावोजी माझ्या शरूला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. "काय झालं? ओरडलं का कुणी?"

"कुणी बघितलंसुद्धा नाही," मी म्हटलं आणि रडायला लागले.

वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून शरूला अलगद उचललं, पिशवीतून बाटली काढली, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघितला. "चल ग माझी राणी, तुझी वेळ झाली. तुझ्या आईला रडू दे."

त्या वर्षी फेब्रुवारीत माझा नवरा, भावोजींचा धाकटा भाऊ मुकुंद गेला. कामावरून येताना रस्त्यावर बर्फाचा थर होता, गाडी घसरली. शरू तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची. मुकुंदच्या कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज वर्षभर सरकारदरबारी पडून होता. तो गेला तसा त्याचा अर्जही गेला आणि त्या अर्जाला जोडलेली मीही. शरू अमेरिकेत जन्मली म्हणून अमेरिकेची नागरिक. मी कुणाचीच नाही. मला परत जायचा हुकूम आला.

नुसतं जायचं असतं तर मी मिरजेला केव्हाच गेले असते. पण शरू जन्मली त्याच आठवड्यात दवाखान्याने तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला होता, आणि त्यात एक आजार निघाला. अन्नातल्या प्रथिनांचा एक अंश तिच्या शरीराला पचवता येत नाही, तो साठतो आणि मेंदूला खातो. दूध नाही, डाळ नाही, दही नाही. तिच्या उष्टावणाला मी वरणभाताऐवजी मीठ घालून कुस्करलेला बटाटा दिला, तोही काट्यावर तोलून. ती वाढत होती एका डब्यातल्या पावडरीवर, आणि दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून पावडरीचं प्रमाण बदलावं लागे. पावडर दवाखाना देत असे. मिरजेच्या डॉक्टरांना मी पत्र घातलं होतं. त्यांचं प्रामाणिक उत्तर आलं: हा आजार मी फक्त पुस्तकात वाचलाय, पावडर आपल्याकडे मिळत नाही, आणि मिळवलीत तरी रक्त कुठे तपासणार?

"पहिली सहा वर्षं," इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मेंदू तयार होईपर्यंत. त्यात चूक झाली, तर ती मागे घेता येत नाही."

मग भावोजींना कुणीतरी सांगितलं, की आपल्या भागाचा काँग्रेसमन एकट्या माणसासाठी विधेयक आणू शकतो. समितीने ते हातात घेतलं, की निकाल लागेपर्यंत इमिग्रेशनवाले थांबतात, अशी पद्धत आहे. काँग्रेसमन हॉलोवे हसतमुख, पांढऱ्या केसांचे. मी त्यांना एकदाच भेटले. सगळं काम केलं त्यांच्या कचेरीतल्या ज्युडिथने.

परतीच्या वाटेवर भावोजी भलतेच खुशीत होते. ते नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते आणि शिकलेलं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अर्धी लढाई झाली, विनया. आता सिनेट, मग राष्ट्राध्यक्ष. हे बघ, काँग्रेस म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या दोन जावा. दोघींनी एकाच चवीची भाजी केली पाहिजे. आणि राष्ट्राध्यक्ष म्हणजे सासू. चव बघून म्हणणार, वाढा."

"आणि सासूने नाक मुरडलं तर?" वहिनी म्हणाल्या. त्या मागे माझ्याशेजारी बसल्या होत्या, शरू त्यांच्या मांडीवर.

"तर भाजी परत स्वयंपाकघरात. पण दोन्ही जावांनी दोनतृतीयांश जोर लावला, तर सासूच्या नाकावर टिच्चून वाढता येते."

"आणि सासू काही बोललीच नाही तर?"

"तर दहा दिवसांनी ती भाजी आपोआप पानात! रविवार धरायचे नाहीत. मौन म्हणजे संमती." भावोजींनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आहे की नाही मजा?"

वहिनी शरूला थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तेवढ्यात जावा स्वयंपाकघर बंद करून माहेरी गेल्या तर?"

"वा! हा खरा प्रश्न. ऑक्टोबरात निवडणुकीसाठी सगळे उठून जाणार आहेत तसं. मग उलटं. मग सासू गप्प बसली, की भाजी कचऱ्यात. कारणसुद्धा द्यावं लागत नाही. परत पाठवलेली भाजी घ्यायला घरात कुणी नको का?"

"गंमतच आहे," वहिनी म्हणाल्या.

मला आठवतंय, मला त्यांचं कौतुक वाटलं. कॉलेज मी केलेलं, विद्यापीठात नंबर माझा, आणि नेमकं विचारत होत्या त्या.

मी राहत होते त्यांच्याच घरी. मुकुंदच्या मागे त्यांनी मला एका शब्दाने परकं केलं नाही. वहिनींना मूल नव्हतं. तीनदा राहिलं होतं आणि तीनदा गेलं होतं. बोळाच्या टोकाला एक खोली कायम बंद असे. ऑगस्टमध्ये ती उघडली. आत पिवळा रंग दिलेला, खिडकीला बदकांचे पडदे. "धूळ खात पडलीय," वहिनी म्हणाल्या, "शरूला दुपारचं निजवू तिथे." मग शरू रात्रीही तिथेच निजायला लागली. तिचा काटा माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात गेला, आणि स्वयंपाकघर वहिनींचं. मी रात्रंदिवस हिशेब करकरून थकलेली असे. भात चाळीस ग्रॅम की पंचेचाळीस, याने माझे हात कापत. त्यांचे कापत नसत. हे सगळं मी बघत होते. बघणं हाच माझा स्वभाव. पण जे बघितलं त्याला नाव काय द्यायचं, ते मला कळत नव्हतं.

सप्टेंबरच्या मध्यावर ज्युडिथचा निरोप आला, की सिनेटच्या समितीला माझं शपथपत्र हवंय: मूल माझं, आजार हा, सरकारवर भार टाकणार नाही, वगैरे. मजकूर तयार होता. बँकेत नोटरीसमोर जाऊन सही करायची आणि पाठवायचं. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि त्या गावात पायी कुठे जायची सोय नव्हती.

"उद्या जाऊ या का?" मी विचारलं.

वहिनी भाजी निवडत होत्या. "उद्यापासून पितृपंधरवडा."

"मग?"

"मग काय ग, विनया? हा मुकुंदभाऊजींचा पहिला पितृपंधरवडा. त्यांच्या लेकीच्या आयुष्याचा कागद, आणि तू या दिवसांत सही करणार? घटस्थापनेला सकाळी पहिलं काम तेच करू."

"पण उशीर झाला तर?"

"मी ज्युडिथला उद्या कामावरून फोन करते. तिला विचारूनच ठरवू."

मी असल्या गोष्टी मानणारी नव्हते. पण मुकुंदचं नाव निघालं होतं, आणि त्या वर्षी त्याचं नाव निघालं की माझ्यातली शिकलेली बाई खाली बसत असे. दुसऱ्या दिवशी वहिनींनी घरात शिरताना पायातले बूट काढता काढताच सांगितलं, "बोलले ग मी. ती म्हणाली, काही फरक पडत नाही."

सर्वपित्रीला त्यांनी मुकुंदच्या नावाचं पान वाढलं. मागच्या अंगणात भावोजी ताट घेऊन उभे राहिले. तिथे कावळे होते, पण ते भाताला शिवले नाहीत. एक खार येऊन वडा घेऊन गेली. भावोजी हसले, वहिनी रडल्या. त्यांचं रडणं खरं होतं. ते मी आजही शपथेवर सांगेन.

घटस्थापनेला सही झाली.

ऑक्टोबरात एका दुपारी ज्युडिथचा फोन आला तेव्हा ती हसत होती आणि धापा टाकत होती. सिनेटने जाता जाता, शेवटच्या तासाला, एका दमात विधेयकांचा गठ्ठा मंजूर केला होता. कुणी हरकत घेतली नाही. त्यात मी होते.

"म्हणजे झालं?" मी ओरडले.

"दोन्हीकडे झालं. आता कागद व्हाइट हाउसकडे जाईल."

"आणि काँग्रेस?"

"काँग्रेस आज उठली, विनया. सगळे घरी गेले. निवडणूक आहे ना."

भावोजींनी शिरा करायला सांगितला. वहिनींनी केला, उत्तम केला. मी माझी बशी तशीच ठेवली. मला गाडीतलं बोलणं आठवत होतं. स्वयंपाकघर बंद. आता फक्त सासूचा आवाज.

ते दहा दिवस मी टीव्हीसमोर बसून काढले. राष्ट्राध्यक्ष विमानातून उतरायचे, हात हलवायचे, आपल्या पक्षाच्या माणसांना मतं द्या म्हणून सांगायचे. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघायची. त्या हाताला किती वेळ लागतो एक सही करायला? मध्येच वाटायचं, केलीही असेल. बाकी गठ्ठ्यातल्या काहींवर झालीसुद्धा होती. माझं विधेयक त्यांच्या टेबलावर होतं, की टेबलापर्यंत पोचण्याआधी कुणा अधिकाऱ्याने 'असा पायंडा नको' म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते कधीच कळलं नाही. कुणी नाही म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही. मुदत संपली आणि घरात कसलाही आवाज न होता ते मेलं.

ज्युडिथने संध्याकाळी फोन केला. पहिल्यांदाच तिच्या आवाजात मला राग ऐकू आला.

"पुढच्या वर्षी नवी काँग्रेस, सगळं पहिल्यापासून. आणि हॉलोवे निवडून येतील असं मला वाटत नाही." (ते पडलेच. ज्या निवडणुकीसाठी सभागृह सोडून पळाले, तीही गेली.) "शपथपत्र वेळेवर आलं असतं ना, तर सिनेटने दोन आठवडे आधीच उरकलं असतं. मग काँग्रेस बसलेली असताना दहा दिवस संपले असते. मग हेच मौन आपल्या बाजूने गेलं असतं."

"आमच्यात पितरांसाठी एक पंधरवडा असतो…"

"हो, तुमच्या जाऊबाईंनी समजावलं मला. मी त्यांना म्हटलं, सिनेटमध्ये असा पंधरवडा नसतो. एकेक दिवस महत्त्वाचा आहे, म्हणून तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच ऐकत नाही आहात. श्रद्धेचा प्रश्न आहे म्हणून मी जास्त ताणलं नाही."

मी फोन ठेवला. वहिनी दारात उभ्या होत्या, शरू कडेवर.

"काय म्हणाली?"

"मेलं," मी म्हटलं. एवढंच.

त्यांनी डोळे मिटले. मी मनाला समजावलं: बाई श्रद्धाळू आहे. धाकट्या दिराचा पहिला पितृपंधरवडा. घाबरली, खोटं बोलली. माणसं घाबरून खोटं बोलतात.

पुढचं त्यांनी लगेच काढलं नाही. आठ दिवस जाऊ दिले. मग जेवणाच्या टेबलावर भावोजींना बोलायला लावलं.

"विनया, तू जा," भावोजी पानात बघत म्हणाले. "शरूला इथे ठेव. ती इथली नागरिक, तिला कुणी हात लावू शकत नाही. सहा वर्षांचा प्रश्न आहे. तू व्हिसा काढून येत जा. आम्ही काय परके आहोत?"

"तिला नेलंस तर काय होईल, ते तुला माझ्याहून जास्त कळतं," वहिनी म्हणाल्या. "तू सायन्सची."

मला कळत होतं. दवाखान्याच्या बाकावर मी एकदा एक मुलगा बघितला होता, ज्याचा आजार उशिरा सापडला होता. मोठा, गोरापान, नऊ-दहा वर्षांचा. तो आपल्या हाताच्या बोटांकडे बघत डुलत होता, आणि त्याची आई त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती.

डिसेंबरात निघाले. भावोजी गाडी चालवत होते; मागे आम्ही दोघी, आणि शरू वहिनींच्या मांडीवर, कारण माझ्या मांडीवर ती आली असती तर मी उतरलेच नसते. वाटेत गाडीचा हीटर बंद पडला. काचांवर वाफ धरली.

"ही गाडी पहिल्यापासून अशीच," भावोजी शांतता सहन न होऊन बोलायला लागले. "होणारच! मागच्या वर्षी ऐन सर्वपित्रीला आणली. मी म्हणत होतो, दहा दिवस थांबू, दसऱ्याला आणू. ही ऐकते काय! मला म्हणाली, अमेरिकेत कसला आलाय पितृपंधरवडा? पितरांना इथला व्हिसा कोण देतंय?" आणि ते हसले.

शरूला थोपटणारा हात थांबला.

मी त्या हाताकडे बघितलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या, पण काचेवर वाफ होती, बाहेर काहीच दिसत नव्हतं. मग हात पुन्हा सुरू झाला, त्याच लयीत. त्या वळून माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. आणि मला ती सप्टेंबरातली गाडीच आठवली, हीच सीट, हीच मांडी, आणि तो प्रश्न. तेवढ्यात जावा स्वयंपाकघर बंद करून माहेरी गेल्या तर?



आजवर मी त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही. अमेरिकन वकिलातीने माझा व्हिसा किती वेळा नाकारला, हे सांगत बसत नाही. मूल तिकडे आहे म्हणजे बाई तिकडून परत येणार नाही, हे त्यांचं गणित सरळ होतं. शरूला पुन्हा हात लावला तेव्हा ती माझ्या कानापर्यंत आली होती. आज ती तिकडे पूल बांधते. माझ्याशी फोनवर मराठी बोलते, जपून, एकेक शब्द तोलून. मला ती आई म्हणते. त्यांना काय म्हणते ते मी विचारत नाही.

पण तेव्हा, विमानाच्या दाराशी, मला अजून 'नाही' म्हणता आलं असतं. शरू माझी होती. कायद्याने, रक्ताने, सगळ्याने. माझं नाव पुकारलं जात होतं, यावेळी मला ते पहिल्याच खेपेला कळलं. भावोजी लांब उभे राहून रुमाल शोधत होते. मी वहिनींच्या समोर गेले, इतक्या जवळ की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता त्या थंडीत.

"पावडर?" मी विचारलं.

त्यांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. त्या ताठ उभ्या राहिल्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

"डॉक्टरांनी लिहून दिलेली. दर रक्ताच्या निकालानंतर पुन्हा विचारून."

"भात?"

"चाळीस ग्रॅम. शिजलेला."

"ताप आला तर?"

"पावडर थांबवायची नाही. थोडी थोडी पाजायची. साखरेचं पाणी. क्लिनिकला लगेच फोन, सकाळची वाट बघायची नाही."

"वाढदिवसाला, सणाला, कुणी प्रेमाने तोंडात पेढा घातला तर?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"हात मोडीन त्याचा," वहिनी म्हणाल्या.

मोडला असता. त्यात मला तीळभर शंका नव्हती. या मुलीसाठी ही बाई काय करू शकते, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी शरूला घेतलं, तिचं डोकं हुंगलं, आणि परत त्यांच्या हातात दिलं.